गरुडाच्या पोटावरची चौकट

नाही, मी म्हणतो, धरू द्यायची नसतील तर अक्षरं दाखवायचीच कशाला? तुम्हाला सांगतो... हसू नका, आधी ऐका! मामांचं कापडावर भरतकाम करून द्यायचं दुकान आहे. टाके मशीन घालतं, पण चित्र आधी कॉम्प्युटरवर मी काढतो. शाळा अर्ध्यातच सुटली, तेव्हा मामांनी इथं बसवलं. बँडवाल्यांना कोटांच्या पाठीवर गरुड हवा होता, बँडमास्तर नमुना बघायला येणार होते, आणि मामा सकाळीच म्हणाले होते, "हे काम बिघडलं तर तुझ्या आईला तूच सांग, मी नाही सांगणार." पीस न् पीस वेगळं काढलं हो मी! शेवटचं नख काढायला गेलो आणि टुण्ण! मधोमध चौकट! बरोबर गरुडाच्या पोटावर. वरून त्याचा डोळा माझ्याकडे बघतोय आणि खाली इंग्रजीचा हा ढीग. एकेक अक्षर माझ्या ओळखीचं आहे, पण घोळक्यानं आली की मी रस्ता बदलतो. आणि बटण एकच... ओके. अहो, कसलं ओके? गरुड सेव्ह केला नव्हता मी!

प्रोग्रामच्या कंपनीला फोन लावला. तिकडे एक ताई, आवाज असा की भूकंपातही शांतपणे चहा गाळतील. "सर, मेसेज सिलेक्ट करा, कॉपी करा, मला पाठवा." आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी सर म्हणालं, तेही अशा वेळी! अक्षरांवरून माउस ओढला... अक्षरं ढिम्म. परत ओढला तर अख्खी चौकटच सरकली, पोट उघडं पडलं आणि डोळा झाकला! दिसतंय, पण धरता येत नाही!

"मग फोटो काढा, सर." काढला. हात असा कापत होता की अक्षरांचा नुसता धूर, आणि काचेत माझं घाबरलेलं तोंड. "सर, हे कोण आहेत?"

शेवटी एकेक अक्षर वाचायला लागलो, तर ताईंचाच आवाज बदलला. "थांबा! ओके दाबू नका. प्रोग्रामनं आपणहून तुमचं डिझाइन कुठे ठेवलंय त्याचा पत्ता आहे तो. चौकट गेली की पत्ता गेला. आधी सगळा उतरवून घ्या." म्हणजे बघा! गरुड कुठे आहे ते कॉम्प्युटरला ठाऊक, सांगतोयसुद्धा, पण... दिसतंय, पण धरता येत नाही! कॉम्प्युटरवर दुसरं काही उघडावं तर चौकट उघडू देत नाही. कागद आणायला उठावं तर तेवढ्यात कुणी ओके दाबलं म्हणजे? हाताशी खुणा करायचा खडू होता आणि बँडचा एक काळा कोट. लिहिलं! पाठीवर!

तेवढ्यात मामा. "काय रे, कधीचा नजर लावून बसलायस त्याला? ओके म्हणतंय ना? मग दाब की! चावतंय का?" आणि माझ्या खांद्यावरून हात घालून... टक्!

चौकट गेली. मागोमाग गरुड गेला. पडदा पांढरा, मी पांढरा. मामा म्हणतात, "बघ, झालं का काही?"

आणि मागे ब्रश झटकल्याचा आवाज! मामी! कापडावर खडूची रेघ राहिली तर मामींना घास जात नाही. "कोणी हो चितारला हा कोट?" आता मी म्हणजे, बसमध्ये 'थांबवा' म्हणायची लाज वाटते म्हणून पुढच्या स्टॉपवरून मागे चालत येणारा माणूस. तो मी ओरडलो, "मामी, हात वर!" मामींनी हात वर केले. मामांनीही केले.

कोटावरचं एकेक अक्षर ताईंना वाचून दाखवलं, त्या म्हणतील तिथं गेलो... आणि गरुड! एक नख सोडून सगळा, डोळा वटारून! मामी खुर्चीतच बसल्या.

ताई म्हणाल्या, "सर, ही अक्षरं कॉपी करता आली पाहिजेत. तक्रार करा ना, प्रोग्राममध्येच सोय आहे." केली हो, अगदी मनापासून केली. मामा शेजारी बसून शब्द सुचवत होते. पाठवली आणि टुण्ण! मधोमध चौकट. फोनवर ताईंनी अर्थ लावला, "तक्रार मिळाली. खाली तिचा नंबर आहे, जपून ठेवा, पुन्हा दिसणार नाही." नंबर हा एवढा लांब! मी माउस ओढला... चौकट सरकली.

मामांनी गुपचूप दुसरा कोट पुढे केला.