कर्नलच्या आवाजात

"हॅलो?… हॅलो, कोण?… अगं भिंगरे, तू! आत्ता, भरदुपारी?… छे, छे, झोपलो कुठे? पेपर वाचत होतो… बरं बाई, चष्मा पोटावर होता, मान्य. पण पेपर तोंडावर होता म्हणजे वाचतच होतो की नाही?… हो, आई आहे ना. मटार सोलतेय. देऊ का तिला?… मला? माझ्याशी काम आहे?"

परिवहन खात्यातून निवृत्त झालेले निरीक्षक खुर्चीत सावरून बसले. लेक फोन करायची ती आईला. त्यांच्या वाट्याला शेवटी दोन वाक्यं यायची, 'कशी आहेस' आणि 'जप हो', आणि तीही त्यांना पुरून उरायची. उभा जन्म त्यांनी वाहन परवान्याच्या चाचण्या घेण्यात घालवला होता. परक्या माणसाच्या शेजारी बसून 'डावीकडे घ्या', 'इथे थांबवा' असे हुकूम सोडताना आवाज खणखणीत लागायचा. पोटच्या पोरीशी बोलायचं म्हटलं की त्यांची गाडी पहिल्याच गिअरमध्ये बंद पडायची.

"बोल, ऐकतोय… मुलाखत? कसली मुलाखत?… आज चारला? फोनवरच?… म्हणजे तू अर्ज केलास तर… नाही गं, रागावतो कशाला? विचारलं फक्त… हो, विचार चाललाय असं म्हणाली होतीस मागे. तो चालत चालत इथवर येईल असं वाटलं नव्हतं… हं… हं… भूलतज्ज्ञ. कळलं. फौजेच्या मोठ्या इस्पितळात, फौजेच्याच खर्चानं… वा. आणि शिकून झाल्यावर?… जितकी वर्षं शिकायचं तितकी वर्षं पुन्हा नोकरी. ती वेगळी. शिकण्याची धरून नाही… हं."

स्वयंपाकघराच्या दारात मटाराचं ताट घेऊन बसलेल्या तिच्या आईचा हात थांबला.

भिंगरीची फौजेतल्या डॉक्टरकीची ठरलेली मुदत या उन्हाळ्यात संपत होती. कोपऱ्यावरचे म्हातारे डॉक्टर आता थकले होते. दवाखाना तिच्यासाठी राखून ठेवतो म्हणाले होते, किल्लीसुद्धा देऊन गेले होते. निरीक्षकांनी दवाखान्याच्या शटरला तेल घातलं होतं. तपासणीच्या टेबलाचा एक पाय लंगडत होता, त्याखाली लाकडाची चकती ठोकली होती. पोरगी इथून चालत कामाला जाईल, दुपारी जेवायला घरी येईल, एवढंच त्यांचं स्वप्न होतं. ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला न सांगताच ठाऊक होतं.

"आहे, आहे, फोनवरच आहे… मग माझ्याकडून काय हवंय?… सराव? मी?… मुलाखत घेणारा कर्नल व्हायचं?… अगं, मी कर्नल कसा होणार! मला साधं इंजेक्शन बघवत नाही, तुला ठाऊक आहे… नुसते प्रश्न विचारायचे?… तुझी नर्स करून घेणार होती, मग?… गस्तीबरोबर गेली. बरं… कोण म्हणालं असं?… 'वडील परीक्षक होते ना, मग त्यांनाच लाव फोन.' शहाणी दिसतेय ही नर्स… अगं पण माझ्या परीक्षेत माणूस चुकला तर कठड्यावर जाऊन आदळायचा, तुमच्यात… बरं, बरं. थांब. आवाज लावू दे."

त्यांनी घसा खाकरला. पाठ ताठ केली. घरातल्या आरामखुर्चीत कुणी इतकं ताठ कधी बसलं नसेल.

"कॅप्टन, नमस्कार. मी विभागप्रमुख बोलतोय. बसा… काय? बसा म्हणजे? तू उभी आहेस की काय?… फोनवर? सावधानमध्ये?… अगं, कर्नलला काय दिसणार आहे तिथून! छाती काढून उभं राहिलं की आवाजही घोषणा दिल्यासारखा येतो. बस खाली… खुर्ची नाही? मग काय आहे?… सलाईनचं खोकं. त्यावर बस. फुटणार नाही ना?… बघ बाई, अर्ज राहील बाजूला, आणि खोक्याची भरपाई देत बसशील.

"हं. पहिला प्रश्न. भूलशास्त्रच का?… हं… हं… 'चौकीवर अपघात झाला होता'… कसला अपघात?… लाकडाचे ओंडके. छातीवर… आणि धुक्यामुळे हेलिकॉप्टर येईना… हं… 'आमच्या पथकाने रुग्णाचा श्वास चालू ठेवला.' थांबा कॅप्टन. पथकाला हात किती असतात?… नाही, थट्टा नाही. विचारतोय. त्याच्या घशातल्या नळीला लावलेला तो श्वास द्यायचा फुगा कोणाच्या हातात होता?… मग तसं सांगा ना. आणि पथक काय करत होतं?… एक जण चहा आणून देत होता. बाकीचे हेलिकॉप्टरसाठी जमीन सपाट करत होते. छान, त्यांचंही नाव घ्या. पण फुगा तुमच्या हातात होता. किती वेळ?… सकाळपासून… संध्याकाळपर्यंत?"

त्यांचा खणखणीत आवाज मध्येच कुठेतरी खाली बसला.

"हात दुखला नाही?… मग दुसऱ्या हातानं… अच्छा. कुणाला द्यायला धीर झाला नाही… हे कधीचं?… गेल्या हिवाळ्यातलं. तू तेव्हा आईला… नाही, काही नाही. पुढे बोल. बोला."

गेल्या हिवाळ्यात भिंगरीनं फोनवर सांगितलं होतं, हवा छान आहे, लोकरीचे मोठे मोजे मिळाले, वजन वाढलंय. मायलेकी त्या मोज्यांवरून बराच वेळ हसत होत्या. निरीक्षकांनी तेव्हा पलीकडच्या खोलीतून ते हसणं ऐकलं होतं आणि पोरगी मजेत आहे असं समजून पान उलटलं होतं.

"आणि नळी घालायची, औषध किती द्यायचं, हे तुम्हाला कुणी शिकवलं?… वायरलेसवर? कोण बोलत होतं?… मोठ्या इस्पितळातल्या भूलतज्ज्ञ बाई… काय म्हणत होत्या?… 'दाब. सोड. दाब. सोड.' दिवसभर?… नाव नाही विचारलंत?… सुचलंच नाही. हं… आणि तो जवान?… जगला! घरी गेला!… फोटो पाठवला? मिशी ठेवलीय?… भयंकर दिसते? दिसू दे. मिशी ठेवायला माणूस राहिला हे काय थोडं झालं?… अगं पण हे सगळं तू त्या कर्नलला सांगणार होतीस की नाही?… 'पथकाने श्वास चालू ठेवला' एवढंच? भिंगरे, पथकाला घ्यायचं असतं तर त्यांनी पथकाला बोलावलं असतं. त्यांना एक माणूस निवडायचाय. ती बाई जशी तुझ्या कानात होती, तसं तुला कुणाच्या तरी कानात व्हायचंय, हेच ना?… मग हेच. असंच. याच शब्दांत सांग."

आई ताट बाजूला ठेवून उठून आली आणि फोनजवळ उभी राहिली. मटाराचे दाणे घरंगळून खुर्चीखाली गेले, त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही.

"दुसरा प्रश्न. भूलशास्त्रात जागा मिळाली नाही तर?… काय म्हणालात?… पुन्हा म्हणा… 'जिथे पाठवाल तिथे जाईन, सर.'"

निरीक्षकांनी समोरच्या खुंटीकडे पाहिलं.

फौजेत हे उत्तर बिनतोड. ते ऐकून वरिष्ठ खूश होतात, पोरीच्या अंगात ते इतक्या वर्षांत भिनलं होतं. पण जन्मभर माणसांना पास-नापास करणाऱ्याला हेही कळत होतं, की असं उत्तर देणाऱ्याला जिथे जागा रिकामी असेल तिथे बसवतात. नको असलेल्या विभागात भिंगरी जाणार नाही. नकार देईल, आणि उन्हाळ्यात घरी येईल. त्यासाठी त्यांना काहीही करावं लागणार नव्हतं. 'उत्तम उत्तर, कॅप्टन' एवढं म्हणायचं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. दवाखान्याची किल्ली समोरच खुंटीवर होती.

"हॅलो… हो, आहे गं. लाईन चालू आहे. मीच जरा…"

त्यांनी फोन एका कानाचा दुसऱ्या कानाला लावला.

"कॅप्टन, फार छान. मग त्वचारोग विभागात दोन जागा रिकाम्या आहेत. त्यातली तुम्हाला दिली. खरूज, नायटा, कोंडा. अभिनंदन… का? आता का? तुम्हीच म्हणालात, जिथे पाठवाल तिथे… नाही, नाही, मी ऐकलं नीट. कोंडा हे सुद्धा देशकार्यच आहे… अगं ओरडतेस काय कर्नलवर!… हां! आत्ता कसं! हे जे आत्ता ओरडून म्हणालीस ना, तेच म्हणायचं, जरा हळू. 'सर, मला भूलशास्त्रच हवं. या वेळी जागा मिळाली नाही तर पुढच्या वेळी पुन्हा अर्ज करीन.' … उद्धट कसलं? माझ्या शेजारी बसलेल्या माणसाला मी विचारायचो, कुठे वळायचंय? तर 'तुम्ही म्हणाल तिकडे साहेब.' अशानं गाडी कशी चालायची?… म्हण एकदा… मोठ्यानं… हां. आता म्हण आणखी एकदा, हसत… नाही, इतकं नाही. दात दिसल्यासारखं ऐकू येतंय."

आई हसली, आणि लगेच तिनं पदराचं टोक डोळ्यांना लावलं. कोणत्या कारणानं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"तिसरा… तिसरा प्रश्न आहे, थांबा. प्रशिक्षणानंतर पुन्हा इतकी वर्षं नोकरी करावी लागेल. घरी कोण असतं तुमच्या?"

आईनं त्यांचा दंड धरला. मान हलवून नको म्हणाली. निरीक्षकांनी तिचा हात धरून ठेवला, पण प्रश्न मागे घेतला नाही. बाप म्हणून हा प्रश्न त्यांना सात जन्मांत विचारता आला नसता. कर्नलला काय, विचारायचा अधिकारच होता.

"हं… आई आणि वडील. आई काय म्हणते?… 'तुझं तू ठरव' म्हणते, आणि मग दोन दिवस फोन घेत नाही. असं… आणि वडील?… काहीच म्हणत नाहीत. कधीच?… हं… तुम्हाला काय वाटतं, त्यांना काय हवं असेल?… तेल? कुणी सांगितलं तुम्हाला शटरच्या तेलाचं?… आईनं. बरं… टेबलाच्या पायाचंही… हं… हो… ऐकतोय…"

पलीकडून भिंगरी बोलत होती, बापाशी नव्हे, कर्नलशी, आणि म्हणून न अडखळता बोलत होती. निरीक्षक टिपॉयवरच्या पेपराची घडी घालत होते, उलगडत होते, पुन्हा घालत होते.

"…त्यांना वाईट वाटेल म्हणून मुलाखतीला 'नाही' म्हणून टाकावं, असं आज सकाळपर्यंत मनात होतं?… आणि मग फोन मलाच… म्हणजे, मग फोन वडिलांनाच का केलात, कॅप्टन?… हं… हं. 'त्यांनी नापास केलं, तर सोडून द्यायचं.'"

त्यांनी पेपर खाली ठेवला.

"कॅप्टन. हे बघा. आमच्याकडे चौकशी झालेली असते. उमेदवाराच्या घरची वगैरे. आमच्या माहितीप्रमाणे… तुमच्या वडिलांची हरकत नाही… हो. खात्रीलायक माहिती आहे… त्यांनी दवाखान्याच्या शटरला तेल घातलं ते खरं. दुसरा कुणी डॉक्टर येईल, त्यालाही शटर उघडावं लागेलच की. तेल वाया नाही जात… आणि ते बोलत नाहीत, त्याचं काय आहे… काही माणसं तशीच असतात. त्यांना कुणीतरी दुसरं व्हावं लागतं, तेव्हा कुठे तोंड उघडतं… रडू नका. फौजेत आहात तुम्ही… मी? मी कुठे रडतोय! सर्दी आहे. कर्नलला सर्दी होत नाही?"

आईनं फोनकडे हात केला. निरीक्षकांनी मान हलवली, थांब, थांब.

"आईचीही हरकत नाही… अगं खरंच. इथेच उभी आहे… नाही, रडत नाहीये, मटार सोलतेय… हो, उभ्यानं. तिला येतं… ती म्हणतेय, ते मोठे मोजे घाल पायात, बोलताना पाय गार पडले की आवाज कापतो… हे मी नाही, ती म्हणतेय. मोज्यांशी कर्नलचा संबंध नाही.

"किती वाजले?… अगं बाई! मग ठेव. त्याच फोनवर येणार ना त्यांचा?… मग? इथे आपण बोलत बसलो तर ते तिकडे नंबर फिरवत बसतील… हो, फुगा तुझ्या हातात. हो, त्या बाईंचंही सांग. आणि शेवटी ते विचारतील, काही विचारायचंय का, तर 'नाही सर' म्हणू नकोस. विचार काहीतरी… काय म्हणजे? त्या बाई अजून तिथे आहेत का, ते विचार. तुलाच जाणून घ्यायचंय ना?… हां. झालं तर.

"आता काय आणखी?… काय?… निकाल? माझ्याकडून?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत निरीक्षकांनी गाडीत बसून कुणालाही निकाल सांगितला नव्हता. नियमच होता, निकाल कचेरीच्या खिडकीवर. लोक गयावया करायचे, साहेब नुसतं हो की नाही एवढं सांगा. आणि निरीक्षक दार उघडून मुकाट्यानं उतरून जायचे.

"पास," ते म्हणाले. "…ऐकू आलं नाही?… पास, पास! पास झालीस, भिंगरे! आता ठेव तो फोन, ते खरे कर्नल ताटकळतायत."

आणि ती काही बोलायच्या आत त्यांनीच ठेवून दिला.