पाच आखूड ओंडके

आजोबा : डोळे मीट. मिटलेस? आता कल्पना कर, तू एक ओंडका आहेस.

नात : जाड की बारीक?

आजोबा : मध्यम. काल-परवापर्यंत तू झाड होतीस. अंगात भरपूर पाणी. आता तुला भिंतीत आडवं घातलंय आणि वर आणखी पाच-सहा भावंडं रचलीत. ऊन लागतंय, वारा लागतोय. तुझं काय होईल?

नात : वाळेन.

आजोबा : आणि वाळताना?

नात : आक्रसेन. मग कुठेतरी तडकेन आणि टक् असा आवाज होईल. कळलं, आजोबा. हा धडा आहे.

आजोबा : धडाच आहे. दुपारी तू जे ऐकतेस ना, ते हेच. ओंडके अंग आवळून घेतात.

नात : पण हे ओंडके काल-परवा झाड नव्हते.

आजोबा : म्हणजे?

नात : म्हणजे आपण एक जुनं घर उतरवलं, एकेका ओंडक्यावर खडूनं आकडा टाकला आणि इथे आणून ते पुन्हा रचतोय. तुम्हीच म्हणालात, हे लाकूड शंभर वर्षांचं आहे, वाळायचं तेवढं वाळून झालंय, आता त्याला काही होत नाही. मग ते आज कशाला तडकेल?

आजोबा : हं.

नात : "हं" म्हणजे उत्तर येत नाही.

आजोबा : चाळीस वर्षं शिकवलं, पण माझ्या "हं"चा अर्थ कुणी असा तोंडावर सांगितला नव्हता.

नात : शिवाय ते एकदाच वाजत नाही. टक्, टक्, टक्. मोजून तीनदा. मग गप्प. रोज मागच्याच खोलीतून, आणि एवढ्या उंचीवरून. हे बघा, माझ्या पोटापाशी.

आजोबा : उंदीर असेल.

नात : मोजता येणारा?

आजोबा : बरं, ते राहू दे. चार वाजता सुतार माणसं घेऊन येतोय. मधल्या भिंतीचा सगळ्यात वरचा ओंडका चढवायचा आहे. तो एकदा चढला की हे पाच आखूड ओंडके पुन्हा बसवता यायचे नाहीत. ते वरूनच खाचेत सोडावे लागतात. तेव्हा काय ते आत्ताच ठरवायला हवं.

नात : बसवायचे नाहीत. ती भिंत नाही, दार आहे.

आजोबा : दार होतं. मला मेलं कळलंच नाही. वाटलं, लांब ओंडका मिळाला नसेल, म्हणून मध्ये जोड दिला असेल.

नात : सुतारकाका म्हणालेच, मास्तर, हे घर नाही, गृहपाठ आहे.

आजोबा : आणि लाल पेन्सिलीनं माझ्या खाचांवर फुल्या मारल्या. माझाच विद्यार्थी. सगळे दिवस लक्षात ठेवून होता लेकाचा.

नात : पण दार मी ओळखलं. भिंतीखालचा ओंडका मध्येच झिजलाय. भिंतीवरून कुणी चालतं का? तिथे उंबरा होता.

आजोबा : शाब्बास. खरंच शाब्बास. पण बाळ, दार उघडं ठेवलं तर एका शेगडीवर दोन्ही खोल्या तापायच्या नाहीत. ते बुजवू, मागे लाकडं ठेवू, आणि आपण दोघं पुढच्या खोलीत मजेत राहू.

नात : दार बुजवलंत तर मी राहणार नाही. मामाकडे जाईन. खरंच जाईन, आजोबा.

आजोबा : अगं, घर तुझ्यासाठी बांधतोय.

नात : मग तिला आत कोंडून बांधू नका.

आजोबा : तिला? कुणाला?

पाहुणी : मास्तर घरात आहेत का? की अजून घरच व्हायचंय?

आजोबा : दोन्ही, बाई. या. ओळखलं नाही मी.

पाहुणी : ओळखणार कसं? मी या घरात जन्मले. ते डोंगरापलीकडे होतं तेव्हा. सुतार म्हणाला, मास्तरांनी मधली भिंत उघडलीय. म्हणून आले.

आजोबा : मग आत चला ना.

पाहुणी : आत नको. इथेच बसते, अंगणात. पाठ तिकडे करून बसले तर राग मानू नका.

नात : आजी, मागच्या खोलीत कोण राहायचं?

पाहुणी : पोरगी सरळ मुद्द्याला हात घालते.

आजोबा : खोड मीच लावलीय. नसेल सांगायचं तर सांगू नका.

पाहुणी : सांगायलाच तर आले. माझी धाकटी बहीण. टिल्ली म्हणायचो. ती पाच वर्षांची, मी आठची. ताप आला तिला, अंगभर पुरळ. डॉक्टर म्हणाले, मोठीला लांब ठेवा. आता एवढ्या घरात लांब म्हणजे किती? मध्ये एक दार.

नात : मग?

पाहुणी : ती सारखी उठायची आणि दाराशी यायची. आई रडकुंडीला आली. मग मीच डोकं चालवलं. उंबऱ्याअलीकडून म्हटलं, टिल्ले, आपण लपाछपी खेळतोय. तू लपलीयस. मी हाक मारल्याशिवाय बाहेर यायचं नाही. आलीस तर राज्य तुझ्यावर.

नात : तिनं ऐकलं?

पाहुणी : शहाणी होती ग. पडून राहिली. फक्त मधूनमधून पलंगाच्या कडेवर बोटानं वाजवायची. तीनदा. म्हणजे, आता येऊ का?

नात : तुम्ही काय म्हणायचात?

पाहुणी : थांब, म्हणायचे.

आजोबा : बाई, पाणी आणू का थोडं?

पाहुणी : नको. चौथ्या दिवशी गेली ती. त्यानंतर आई त्या उंबऱ्यावर बसून राहायची. जेवण नाही, बोलणं नाही. बाबांना सुतारकाम येत नव्हतं, तुमच्यासारखंच. पण एका दिवसात त्यांनी खिडकीला फळ्या ठोकल्या, पाच ओंडके कापले आणि दार बुजवलं. फटींत शेवाळ भरायचं काम मला दिलं, बोटं लहान म्हणून. शेवटची एक फट राहिली होती. आणि आतून वाजलं.

नात : तीनदा.

पाहुणी : मी शेवाळ कोंबलं. दाबून दाबून कोंबलं. कुणाला बोलले नाही. आईला नाही, बाबांना नाही, पुढे नवऱ्यालाही नाही. मास्तर, मी भीक मागते तुमच्याकडे. ते तुकडे परत बसवा.

नात : नाही! आजोबा, नाही म्हणा!

आजोबा : थांब जरा. बाई, एक विचारतो. दार उघडं राहिलं तर तुम्हाला भीती कशाची वाटते?

पाहुणी : दार बंद होतं तोवर मला म्हणता यायचं, बंद आहे म्हणून येत नाही बिचारी. आता उघडं आहे. तरी येत नाही. म्हणजे ती कशासाठी थांबलीय, ते मला ठाऊक आहे ना.

नात : मग मारा की हाक!

पाहुणी : सोपं वाटतं तुला. आणि कुणी आलं नाही तर? साठ वर्षं मी उगाच ऐकत बसले असं होईल. आणि आली, तर कुठल्या तोंडानं बोलू तिच्याशी?

आजोबा : हं.

(मागच्या खोलीतून लाकडावर बोट वाजल्याचा आवाज. तीनदा.)

नात : आता ऐकलंत?

आजोबा : ऐकलं.

नात : उंदीर?

आजोबा : नाही, बाळ. उंदीर नाही.

पाहुणी : डोंगर ओलांडून आणलंत तरी तेच. लाकूड तेच ना. सुतार कधी येतोय, मास्तर? लवकर बोलवा त्याला.

आजोबा : येईल चारला. बाई, मी तुम्हाला माझी एक गोष्ट सांगतो. एकदा मी एका मुलीला वर्गाबाहेर उभं केलं आणि विसरलो. शाळा सुटली, मी कुलूप घेऊन बाहेर आलो, तर ती तिथेच. म्हटलं, अगं, घरी का गेली नाहीस? म्हणाली, तुम्ही आत ये म्हणाला नाहीत. मलाही वाटलं, आता हिच्याशी कुठल्या तोंडानं बोलू?

पाहुणी : मग काय बोललात?

आजोबा : ये म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही. तिला दुसरं काही नकोही होतं.

नात : आजी, मी आत जाऊन दाराजवळ उभी राहते. म्हणजे तुम्हाला एकटीनं करायला नको.

पाहुणी : तुला भीती नाही वाटत?

नात : वाटते. पण ती माझ्यापेक्षा लहान आहे.

आजोबा : जा. सांभाळून, तिथे खिळे पडलेत.

पाहुणी : मास्तर, मी मान वळवणार नाही. तुम्ही बघा आणि मला सांगा. जे दिसेल ते. माझं मन राखायला पदरचं काही लावू नका.

आजोबा : नाही लावणार.

पाहुणी : टिल्ले.

आजोबा : बाई, मी शेजारी बसलोय, मलाही नीट ऐकू आलं नाही.

पाहुणी : टिल्ले! अगं, ये. संपला खेळ. राज्य माझ्यावर. ये बाहेर, ये.

(आजोबा मान उंचावून आत बघतात.)

पाहुणी : काय झालं? बोला ना.

आजोबा : पोर मधल्या दारात उभी होती. ती बाजूला सरली.

पाहुणी : का सरली?

आजोबा : ते नाही सांगता येत. आता बाहेर यायला निघालीय. सावकाश चालतेय. एरवी धावत सुटते.

पाहुणी : एकटीच ना?

आजोबा : मला एकटीच दिसतेय.

पाहुणी : मग?

आजोबा : पुढच्या दाराशी पोचली. तिथे पायऱ्या अजून बसवलेल्या नाहीत, कंबरभर उंची आहे. तिनं खाली उडी मारली.

पाहुणी : आणि?

आजोबा : मागे वळलीय. उंबऱ्याकडे दोन्ही हात वर करून उभी आहे, कुणालातरी खाली उतरवून घ्यायला.