सुभेदारांचा रिकामा रकाना

बग दुरुस्त झाला म्हणून कुणी ओरडा खाल्लेला बघितलाय? मी खाल्लाय.

कुंडलचे एक सुभेदार मिलिटरीतून रिटायर होऊन पाणीपुरवठा संस्थेत बसतात. कुणाच्या उसाला कधी पाणी सोडायचं, ते कॉम्प्युटरवर भरतात. प्रोग्रॅम माझा. पण मी ज्या टूलमध्ये माहिती भरायचे डायलॉग बॉक्स बनवले, त्यातच बग होता. शेवटच्या रकान्यात लिहून थेट ओके दाबलं की लिहिलेलं गायब. कर्सर आधी दुसरीकडं न्यावा लागायचा. एकाच्या पाण्याची पाळी चुकली असती तर मला गावात पाय ठेवता आला नसता. म्हणून मी खाली एक बिननावाचा रिकामा रकाना टाकला, नुसता कर्सरला टेकायला. सुभेदारांना सांगितलं, "आधी तिथं जायचं, मगच ओके."

वर्षभरानं टूलची नवी आवृत्ती आली, बग गेला. मी रकाना काढला. सकाळीच फोन.

"खालचा रकाना कुठं हाय रं?"

"काढला. त्याचं काम संपलं."

"मग आमी रिपोर्ट कुठं द्यायचा?"

"कसला रिपोर्ट?"

"'सब ठीक'. दर नोंदीला लिवतोय की."

"आवं सुभेदार, तिथलं कुठंच सेव्ह होत नव्हतं. कुणी वाचतच नव्हतं!"



"गड्या, पलटणीत चोवीस वर्सं रोज 'सब ठीक' दिलंय. कुणी ऐकतंय का म्हणून कवा इचारलं न्हाई. रकाना लाव."

लावला.