एकाच कलमाचे दोघं

अन् वरून तो नागपूरचा डॉक्टर मलेच म्हणते, "विनोदभाऊ, इतके दिवस अंगावर काऊन काढलं?" आता घ्या! अंगावर काढलं म्हणते! छातीवर कोणी पोतं ठेवल्यावानी होऊन राहिलं होतं, सौंसरच्या बाजारात चार पावलं चाललो की दम लागे, सांगतलं ना घरी! तर माय काय म्हणते? "हेमराजची तपासणी झाली ना मागच्या महिन्यात? साफ निघाली. तुमी दोघं एकाच कलमाचे." झालं. विषय संपला.

तुम्हाले सांगतो, हेमराज म्हणजे माहा जुळा भाऊ. चार मिनिटं मोठा, पण ते चार मिनिटं पन्नास वर्षांपासून मिरवून राहिला. तोंड एक, आवाज एक, शाळेत त्याच्या वाट्याचा मार बी मीच खाल्ला. तो पांढुर्ण्यात शाळेचा बाबू, मी इथं संत्र्याच्या बगीच्यात. अन् आमच्याकडची रीत कशी, एका झाडाचे डोळे, म्हणजे कोंब, काढून त्याच्या कलमा बांधल्या की एकाच कलमाचं पान लॅबमधे तपासायले पाठवते अन् साऱ्या ओळीले तेच खत टाकते. तसंच माह्यं केलं! पान त्याचं अन् ओळीत मी! दोन महिने हेमराजचा रिपोर्ट खिशात घेऊन फिरलो, लेका... दुखलं की काढून वाचत होतो. कोलेस्टेरॉल नॉर्मल. ईसीजी नॉर्मल. नाव हेमराज.

मग एक दिवस तिगावच्या फाटकापाशी गाडीवरून उतरलो अन् बसलोच खाली. नागपूरले नेलं. काळजाच्या नळीत नव्वद टक्के अडथळा, जाळी बसवली. खोटं कायले बोलू, भेलो होतो मी. टेबलावर पडल्या पडल्या पोरीचं, दामिनीचं तोंड डोळ्यापुढून हटत नव्हतं.

अन् डॉक्टर समजावून राहिला, "जीन तुमच्या दोघांचे सारखेच. पण जीनवर बारीक खुणा बसतात. धुराच्या, झोपेच्या, खाण्याच्या. कोणता जीन चालू अन् कोणता बंद, ते त्या खुणांवर ठरतं. नळीला सूज आणणारे तुमचे चालू राहिले." मी म्हटलं, पण साहेब, आम्ही एकाच कलमाचे! तो म्हणे, "कलम एक असेल हो. पण बिडी कोण प्यायचं?"

आता हे अमितापुढं विचारायची गोष्ट होती का? बायको आहे ती माही! बावीस वर्षं पेलो, फवारणीच्या दिवसात जरा जास्त... पण सोडली ना, चार वर्षं झाली! तर डॉक्टर म्हणे काही खुणा हळूहळू पुसतात, काही मागं राहतात. म्हणजे मी बिडी सोडली अन् बिडीनं मले नाही सोडलं. अन् हेमराज? त्यानं कधी शिलगावली नाही, टेबलावर डोकं ठेवून दुपारी झोप काढते तो. त्याच्या फायलीत काय माह्या बगीच्यावानी रानडुकरं घुसते का, रातभर जागायले? कायचं आलं एकाच कलमाचं!

तो आला दवाखान्यात. माह्या पायापाशी बसला. मग म्हणे, "माह्या कागदानं तुले मारलं असतं रे." अन् रडला. माह्यासारखंच नाक वर ओढून रडते तो. मले त्याच्यावर चिडता बी नाही आलं.

अन् निघताना डॉक्टर म्हणे, राग सोडा, सततच्या त्राग्याची बी खूण बसते म्हणे. घरच्यायनं तेवढंच बरोबर ऐकलं! तवापासून सारे मोकळे. हेमराज न विचारता माही गाडी नेते, माय माह्या ताटातलं मीठ काढून घेते, अमिता बावीस वर्षांच्या बिड्या रोज एकएक आठवून सांगते. अन् मी? हसून राहिलो. रागवायची घरात मनाई आहे ना, बाप्पा, म्हून तर इथं पारावर येऊन तुमच्यापुढं ओरडून राहिलो... तुमच्या नळ्यायचं तुम्ही पाहून घ्या.