शेजाऱ्यांची सरासरी

—अहो काकू, धूळ नाहीये ती, पुसू नका, चौकोनच आहे तो. जरा दोन पावलं मागं या, म्हणजे अख्खं शहर दिसेल. हां, अस्सं. एक चौकोन म्हणजे तीन-चार गल्ल्या. निळा जितका गडद, तितके तारे जास्त. काय केलं आम्ही—एका ठरलेल्या दिवशी संध्याकाळी आठला लोकांना गच्चीवर चढवलं, हातात पुठ्ठ्याची एक चौकट दिली, वहीच्या पानाएवढी, आणि सांगितलं, डोक्यावर धरा आणि आत दिसतील तेवढे तारे मोजा. बस्स. चौदाशे घरांनी मोजले! आणि खालचे ते आडवे पट्टे दिसतायत ना, तो माझा प्रश्न, भांडून घालून घेतलेला—‘कोणाबरोबर मोजलंत?’ आमचे सर म्हणाले, याचा आकाशाशी काय संबंध? म्हटलं, सर, तारे किती उरलेत ते कळेल, पण ते दाखवणारं माणूस घरात उरलंय का, ते कसं कळणार? वैतागले, पण घालू दिला. हा आईबरोबर, हा मित्रांबरोबर, हा नातवंडांबरोबर—आणि तळाचा राखाडी, ‘कोणीच नाही’. सर म्हणत होते तो ‘इतर’मध्ये टाक, नकाशाला शोभत नाही. नाही टाकला. एकटी माणसं काय ‘इतर’ असतात? मला या गोष्टीचा इतका संताप येतो ना काकू… असो. सकाळपासून तुम्ही तिसऱ्याच बघायला आलेल्या, म्हणून जरा जास्तच बोलतेय.

कुठली गल्ली? टाकीमागची? ती… ती ही. फिकट. सात तारे. का हो?—नाही, तिथून फॉर्मच आला नाही, तो चौकोन रिकामा होता. मग सात कुठून आले म्हणजे—अहो, रिकाम्या चौकोनात आजूबाजूच्या आठ चौकोनांची सरासरी भरतात. सगळे तसंच करतात, मी काही मनानं रंग फासला नाही. शेजारी सगळे सहा-सात-आठवर, मधला एकटा वेगळा कशाला असेल? …तुम्ही आणून दिलात? स्वतः? खालच्या पेटीत? चष्मेवाल्यांचा फॉर्म?

बरं. आला होता. आला होता आणि बाद केला. कोणी म्हणजे, मीच. आकडा काय होता माहितीये? एकोणीस! शेजारी सात आणि यांना एकोणीस! असल्या आकड्यानं सगळा नकाशा वाकडा होतो, काकू. आणि खाली लिहिलेलं, ‘मुलीबरोबर’. ते तर धडधडीत खोटं. एक उत्तर खोटं तर दुसरं कशावरून खरं? मला कसं माहीत म्हणजे… मुलगी तिथं नव्हती. नव्हती हो. मला माहीत असणारच ना!

केस कापलेत मी, म्हणून ओळखलं नसेल तुम्ही. मी तुम्हाला दारातच ओळखलं. नाकावरची ती फ्रेम बाबांच्या दुकानातली, डावी दांडी तारेनं बांधलेली—अजून तीच वापरता? बाबा म्हणायचे, काकूंना नवीन फ्रेम दिली तर दुकानाला काय काम उरेल. …हो, तीन वर्षं झाली मला घर सोडून. तुम्हाला माहीतच असेल, भिंतीला कान लागलेलेच असतात गल्लीत. मी म्हटलं होतं, जन्मभर लोकांच्या काचा पुसत बसायला मी शिकले नाही. गिऱ्हाईक समोर असताना म्हटलं. त्यांनी वरही बघितलं नाही, त्या माणसाच्या कानामागं दांडी नीट बसवत राहिले. मला वाटलं, अपमान केला माझा. आता वाटतं… जाऊ दे, आता काय वाटायचंय.

काय म्हणालात? दिवे? गल्लीतले पाचही बंद? रस्ता खणला तेव्हापासून? मग कोणी तक्रार—बाबांनी करू दिली नाही? सगळ्यांशी वाद घातला? …म्हणजे काळोख असतो. म्हणजे एकोणीस दिसत असतील. म्हणजे एकोणीस खरे.

पण ‘मुलीबरोबर’? ते तर—तुमच्या गच्चीवर ऐकू येत होतं? मोठ्यानं मोजत होते? बरोबर कोणी नव्हतं ना? …कसं वेड्यासारखं? एक, मग थांबायचं, मग तीन, मग थांबायचं, मग पाच… तुम्हाला वाटलं, वय झालं, आकडे गाळतायत.

गाळत नाहीत ते, काकू. मधले आकडे माझे असायचे. लहानपणी. एक त्यांनी म्हणायचा, एक मी. मी अडखळले तरी पुढचा म्हणायचे नाहीत, थांबून राहायचे.

एकोणिसावा त्यांचाच की. विषम आहे ना.

…नाही, रडत नाहीये. चार वाजता इथं ऊन थेट डोळ्यांवर येतं. खरं सांगू का एक? त्या संध्याकाळी मीपण मोजले. वसतिगृहाच्या गच्चीवर. सात. एकटीच होते, पाण्याच्या टाकीला टेकून. आणि फॉर्मवर लिहिलं, ‘वडिलांबरोबर’. तो राखाडी पट्टा वाचवायला सरांशी भांडणारी मी! आणि माझा फॉर्म बाद झाला नाही. कसा होईल? आकडा शेजाऱ्यांसारखाच होता ना.

नको, फोन नका लावून देऊ. ठेवा तो पिशवीत. काय बोलणार मी, नमस्कार, तुमचा फॉर्म बाद झालाय? नकाशा सोमवारी छापायला जातो, मला इथलं आवरायचंय, हॉल पाचला बंद होतो. तुमची बस चुकेल, निघा तुम्ही.

—काकू. ते दिवे दुरुस्त करायला कोणी आलंच, तर रविवारपर्यंत थांबवाल? सांगा काहीही. बाबांना यातलं काही सांगू नका. बाद फॉर्मची जागेवर जाऊन फेरमोजणी करावी लागते, नियम आहे तसा. आहे म्हणजे… आजपासून आहे. निघा आता. आणि त्या दांडीला हात लावू नका, तार सैल झालीये.