आठ किलो

लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, त्या उन्हाळ्यात दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी उदगीरचं एक जोडपं बसलं होतं.

"भावाला किडनी द्यायची, अन् मला आज कळायलंय?" नवरा म्हणाला.

"शिवमूर्ती एकच भाऊ हाय मला."

"तुझी चालत न्हाई म्हणले होते ना डॉक्टर?"

"वजन लई हाय म्हणून. आठ किलो उतरवा, मग बघू म्हणले."

"म्हणजे पहाटं टँकरला नंबर लावते म्हणायचीस, ते?"

"घागरी रांगेत ठेवायची अन् टँकर येईपर्यंत रेल्वे फाटकापर्यंत चालून यायची. दुसरा येळ कुठं हाय मला?"

"अन् भात सोडलास, ते?"

"इथल्या नर्सबाईनं सांगितलं."

"मला इचारायचं तरी."

"काय म्हणला असता?"

"नको म्हणलो असतो. तुला काही झालं तर?"

"आज वजन उतरलेलं न्हाई दिसलं, तर पुन्हा दोन महिने थांबा म्हणतील. त्येच्याकडं दोन महिने न्हाईत."

आतून नर्सनं हाक मारली, "नीलाबाई, वजनाला या."

ती उठली. त्यानं तिचा दंड घट्ट धरला.

"सोडा मला."

"थांब. चपला काढून जा. त्येंचं बी वजन धरत्यात."