शिवेपल्याडचा नीळकंठ

मी मूळची पैनगंगेकाठची, मेहकरपासून दोन कोसावरच्या गावची. बाप पटवारी होता, वावरं मोजत फिरे आन मले संगं नेई, आन काय सांगू तुमाले, धुऱ्याधुऱ्यानं, वावराच्या बांधावरून, चालता चालता पाखरं पाह्यची खोड मले तिथंच लागली. लगन लवकर झालं आन नवरा त्याहून लवकर गेला, पटकीनं. सासरचे म्हणाले सकाळी सकाळी हिचं तोंड दिसू नये, त बाप म्हणाला मंग त्या तोंडाले शिकू द्या, आन त्यानं मले अमरावतीले मास्तरीण व्हाले धाडलं. अशी मी मेहकरात पोरीईच्या शाळेवर आली.

पोरी पाटीवर मोर काढत, पन नदीवरचा धीवर, मासे धरणारा खंड्या, एकीनं पाह्यला नोता. मी म्हटलं चला. दर रविवारी सकाळी त्याईची रांग घेऊन निघे, पुढे मी, पांढऱ्या लुगड्यात. बांगड्या पदरात गुंडाळाच्या, वाजल्या त पाखरू उडते. पोरी हसत, म्हणत बाई तुमचं बरं हाये, तुमाले गुंडाळाच लागत नाई. मीबी हसे.

गावाले थे खपलं नाई. शाळेच्या कमिटीवर एक देशमुख होते, दाजीसाहेब. म्हणाले बाई, पोरीईले शिवेबाहेर कायले नेता? मी म्हटलं पाखरं शिवेच्या आत येऊन बसत नाईत, मी काय करू. बंद करा म्हणाले. मी नाई केलं.

मंग आला दसरा. त्या दिवशी आपल्याकडे बाप्ये शीव ओलांडून जातात, नीळकंठ पाखरू दिसलं त वर्ष बरं जाते म्हणतात, आन नाई दिसलं त पारधी पिंजऱ्यात घालून आणते, त्यालेच हात जोडाचे. मी त्याच सकाळी पोरी घेऊन निघाली. शिवेवर सारे बाप्ये, वाजंत्री, मधात पिंजरा. आन समोरून मी, विधवा बाई. वाजंत्री थांबली. दाजीसाहेब म्हणाले आज तरी घरात बसाचं होतं. मी म्हटलं काऊन? आजच त शीव ओलांडाचा दिस हाये, बायाईनं ओलांडू नये असं कोनं सांगतलं? रांग मी थांबवली नाई. पोरीईनं बांगड्या पदरात गुंडाळल्या, मले सांगाबी लागलं नाई. पुढे तारेवर नीळकंठ बसला होता, आमी जवळ गेलो त उडाला, निळे निळे पंख उघडून ज्वारीवरून गेला. पिंजऱ्यातल्याले पंख उघडाले जागा कुठं होती.

दुसऱ्या दिवशी कमिटीनं बोलावलं. फिरणं सोडा नाई त नोकरी सोडा. मी म्हटलं नोकरी सोडते, ठेवा एखादा मास्तर. मास्तरापुढे पोरगी बसवाले एकबी बाप तयार नोता, दाजीसाहेबाची नात त सगळ्यात आधी घरी बसली असती, आन दुसरी मास्तरीण मेहकरात येत नोती. बायाईनं मर्यादेत राहाचं, हा मले बांधाले काढलेला कायदा त्याईच्याच पायात आला. दाजीसाहेब म्हणाले, बरं, पाहू पुढे. मी रविवारी पोरी घेऊन निघाली.

आता म्हातारी झाली. डोळ्याले कमी दिसते, पाखरू आवाजावरून ओळखते. त्या पोरीईच्या लेकी येतात आता माह्यासंगं पाखरं पाहाले, दाजीसाहेबाची नात आपल्या लेकीले सोताच आणून सोडते, देव त्या साऱ्याईले सुखी ठेवो. अजूनबी सकाळी शिवेवर एखादा मले पाहून मागं फिरते. फिरू द्या त्याले. मी काई फिरत नाई.